देवणीच्या कोटीपोटातले आणि ढेकळातले सिलिएट

प्रत्येक पुस्तकात पॅरामेशियम तळ्यात राहतो. अकरावीचं पुस्तक काढा नाहीतर बीएस्सीचं, पहिलं वाक्य ठरलेलं, गोड्या पाण्याच्या तळ्यात डबक्यात आढळतो, चपलेच्या आकाराचा. बरं, ठीकय. पण मी लातूर जिल्ह्यात जिथं शिकवते तिथं मार्च उलटला की तळं म्हणजे निस्त्या भेगा, आणि घराला येतं ते टँकरचं पाणी, त्यात ब्लिचिंग पावडर. पोरं काचेच्या बरण्या घेऊन सॅम्पल आणायला निघतात आणि रिकाम्या बरण्या घेऊन परत येतात, मंग विचारतात, मॅडम आपल्याकडं पॅरामेशियमसारखे सिलिएट नसतातच का?

असतात की. लई असतात. पुस्तकात सांगितलेल्या जागी नसतात एवढंच. मराठवाड्यात सिलिएट बघायचे तर माझ्या मते दोन जागा एक नंबर आहेत, एक म्हणजे गाय-म्हैस-शेळीचं कोटीपोट, म्हणजे त्यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, आणि दुसरी उन्हाळ्यात वाळून ठणठणीत झालेली शेतातली माती. डबक्यातल्यापेक्षा इथले जास्त इंटरेस्टिंग आहेत असं माझं ठाम मत झालंय, त्यावरच आज लिहायचंय. वर्गीकरणाचं घोडं मधे येईलच, ते टाळता येत नाही.

आधी सिलिएट म्हणजे काय ते पटकन. एका पेशीचा जीव, अंगावर बारीक केसांसारख्या सिलिया, मराठी पुस्तकात पक्ष्माभिका म्हणतात ते. त्या एकामागं एक लाटेनं हलतात, त्यानंच हा पोहतो आणि त्यानंच खाणं तोंडाकडं ओढतो. हो, तोंड असतं, आणि त्याची जागा ठरलेली असते, अमीबासारखं जिथं सापडलं तिथून गिळलं असलं काम नाही. न पचलेलं बाहेर टाकायची जागा पण ठरलेली. आतापर्यंत साधारण आठ हजार जातींची नोंद झालीय. लहानातल्या लहान दहा-बारा मायक्रॉनच्या, आणि स्टेंटर, स्पायरोस्टोमम असले मोठे तर मिलीमीटरच्या पुढं जातात, म्हणजे चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यानं दिसतात, आणि ही एकच पेशी बरं का.

एका पेशीत एवढं सगळं कसं मावतं हे जुन्या लोकांना पटतच नव्हतं. लेव्हेनहूकनं १६७६ च्या पत्रात मिरे भिजवलेल्या पाण्यातले बारीक जीव लिहिले, त्याला खरं तर मिरं तिखट का लागतं ते बघायचं होतं. पुढं जर्मनीत एरेनबर्ग नावाचा मोठा माणूस होऊन गेला, त्यानं ह्या जिवांना नीळ आणि कारमाइनचा रंग खाऊ घातला, आत रंगाचे गोल गोल ठिपके दिसले, आणि त्यानं १८३८ साली छापून टाकलं की ह्यांना पुष्कळ जठरं असतात, संपूर्ण प्राणी आहेत हे, फक्त छोटे. ती जठरं नव्हती, अन्नाच्या रिक्तिका, म्हणजे खाल्लेलं पचवायच्या पिशव्या होत्या, तिकडं फ्रान्समधे दुजार्दँ त्याच्याशी भांडतच होता. पण गंमत बघा, ज्यांना एरेनबर्गनं अनेक पोटं चिकटवली त्यांचेच भाऊबंद चार कप्प्यांचं पोट असलेल्या गायीच्या आत राहतात. ते १८४३ मधे ग्रुबी आणि देलाफोंद ह्या दोघांनी पॅरिसमधे पहिल्यांदा नोंदवले.

आता मुख्य गोष्ट. सिलिएट ओळखायचा कशावरून, असं विचारलं की सगळी पोरं एका सुरात म्हणतात केसांवरून. मी म्हणते केंद्रकावरून. एका पेशीत दोन जातीची केंद्रकं असतात, एक मोठं आणि एक (कधी कधी एकाहून जास्त) बारकं. आपल्याकडं जुन्या घरात बियाण्याची ज्वारी वेगळी बांधून ठेवायचे आणि खायची कणगीत वेगळी, दुष्काळ पडला तरी बियाण्याला हात लावायचा नाही असा आजीचा दंडक, अगदी तसं आहे हे. मोठं केंद्रक रोजच्या वापराचं, पेशीला लागणारी सगळी प्रथिनं त्याच्यातल्या जीन्सवरून बनतात, त्यात एकेका जीनच्या ढीगभर कॉप्या करून ठेवलेल्या असतात. बारकं केंद्रक गप्प बसून असतं, त्यातनं रोज काही काढत नाहीत, ते पुढच्या पिढीसाठी.

आणि पिढी बदलते तेव्हा काय होतं ते अजून भारी आहे. दोन सिलिएट एकमेकांना चिकटतात, त्याला संयुग्मन म्हणतात. दोघंही आपल्या बारक्या केंद्रकाचे अर्धसूत्री, म्हणजे निम्मी गुणसूत्रं असलेले, भाग करतात, एक भाग एकमेकांना देतात, एक स्वतःकडं ठेवतात, ते जुळून नवीन बारकं केंद्रक तयार होतं, त्याच्यापासूनच नवीन मोठं केंद्रक बनतं, आणि जुनं मोठं केंद्रक मोडीत निघतं, पेशी त्याला पचवून टाकते. मंग दोघं आपापल्या वाटेनं जातात. आधी दोन होते, नंतरही दोनच. पिल्लू झालं नाही, संख्या वाढली नाही, पण दोघंही आतून नवीन झाले. संख्या वाढवायचं काम वेगळं, ते आडवं दुभंगून होतं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पोरांना हे समजवायला माझा एक अख्खा तास जातो आणि शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, मॅडम मंग ह्यात नर कोण? नर कोणीच नाही रे बाबा. सोनेबॉर्न म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होता, त्यानं १९३७ मधे पॅरामेशियममधे संयुग्मनाचे गट शोधले, कुणाचं कुणाशी जुळतं ते. टेट्राहायमेना थर्मोफिला ह्या दुसऱ्या सिलिएटमधे तर असे सात गट आहेत, आपला सोडून बाकी सहातल्या कुणाशीही जुळतं.

टेट्राहायमेनाचं नाव निघालंच आहे तर दोन नोबेल सांगून टाकते. मोठं केंद्रक बनताना त्यातल्या गुणसूत्रांचे मोप तुकडे होतात, म्हणजे टोकं हजारोंनी, त्यामुळं टोकाला काय असतं हे बघायला हा जीव सोयीचा. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल ह्यांनी १९७८ मधे त्या टोकावरचा, म्हणजे टेलोमिअरचा, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा वाचला, पुढं कॅरोल ग्रायडरनं ती टोकं बनवणारं एन्झाइम, टेलोमरेज, सापडवलं, आणि २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक ह्यांना मिळालं. त्याच्या आधी थॉमस चेकला ह्याच जिवात आरएनए स्वतःच स्वतःला कापताना दिसलं, प्रथिनाच्या मदतीशिवाय, त्याचं १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल, सिडनी ऑल्टमनबरोबर वाटून. म्हातारपण, कॅन्सर असल्या मोठ्या विषयात जे टेलोमिअर टेलोमिअर चाललेलं असतं ते डबक्यातल्या ह्या केसाळ पेशीतनं आलंय. हे मी वर्गात सांगितलं की दोन मिनटं शांतता असते, मंग बेल होते.

आता कोटीपोट.

आमच्या भाऊजींकडं देवणी आहेत. देवणी म्हणजे आमच्या भागातली खास जात, काळे-पांढरे डाग, मोठे कान, काटक जनावर, देवणी तालुक्यावरूनच नाव पडलंय. मागच्या लग्नसराईत त्यांच्यातल्या एका गायीनं दावं तोडून मांडवामागं टाकलेला भात न् बुंदी मनसोक्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, पोट तट्ट, नुसती उभी, वैरणीकडं बघेना. जनावराचे डॉक्टर आले, नळी घालून कोटीपोटातलं थोडं पाणी काढलं, लिटमससारखी पट्टी बुडवली न् तोंड वाकडं केलं. मंग मला म्हणले, मॅडम तुमचा मायक्रोस्कोप घरी असतोय का कॉलेजात? घरी एक जुना आहे माझा. आणला. थेंब ठेवला. काहीच हलेना. ते रस बी दुधाळ करडा आणि आंबूस वासाचा. डॉक्टर म्हणले, बघा, सगळं मेलंय. मंग त्यांनी शेजारच्या दावणीच्या चांगल्या गायीचा रस काढायला लावला, हिरवट, वास उग्र पण आंबलेला नाही, आणि त्याचा थेंब ठेवला तर माय माय! नजर ठरेना. गर्दीच गर्दी. मोठे, लहान, शेपटीवाले, काटेवाले, सगळे एकमेकांना ढकलत पळायलेत.

भाऊजी माझ्या मागून डोकावून बघत होते. बघितलं न् म्हणले, "वहिनी, एवढे किडे? मंग डॉक्टर, मारायचं औषध का देइना गेलाव?"

डॉक्टर हसले. "आण्णा, हे मारायचे नसतेत. त्या आजारी गायीत हेच तर मेलेत."

झालं काय होतं ते सांगते. कडबा, वैरण असलं तंतूचं खाणं हळूहळू आंबतं, कोटीपोटाची आम्लता सहा-सातच्या पीएचमधे राहते. एकदम भात, भाकरी, धान्य, गोडधोड पडलं की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू माजतात, पीएच पाचाच्या आसपास किंवा खाली घसरतो, आणि सिलिएट मरायला लागतात. त्यातही मोठे आधी मरतात, बारके थोडे तग धरतात. म्हणून जनावराचे डॉक्टर थेंबात मोठे जिवंत आहेत का, कितपत हलायलेत हे बघतात, त्यावरनं पोटाची हालत कळते. उपचारात आम्ल मारायला सोडा वगैरे देतात ते वेगळं, पण त्यासोबत निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस काही लिटर काढून आजारी जनावराला पाजतात. त्यातनं जिवाणू पण जातात आणि सिलिएट पण. आमच्या गायीला पण पाजला. नंतर ती रवंथ करायला लागली, भाऊजींना मात्र अजून पटत नाही की गायीला किडे पाजून बरं केलं.

आता हे आहेत कोण. एका मिलीलीटरला हजारोंपासून दहा लाखापर्यंत असू शकतात, वैरण काय त्यावर ठरतं, आणि कोटीपोटातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या वजनात ह्यांचा वाटा कधी कधी निम्म्यापर्यंत जातो. दोन तऱ्हा आहेत. एक आयसोट्रिका, डॅसिट्रिका असले, अंगभर केस, ह्यांना विरघळलेली साखर लई आवडते, गोड मिळालं की आत स्टार्च साठवत साठवत एवढे फुगतात की कधी कधी फुटतात. दुसरे एंटोडिनियम, डिप्लोडिनियम, एपिडिनियम, ओफ्रायोस्कोलेक्स. ह्यांच्या अंगावर केस जवळजवळ नाहीतच, तोंडाजवळ झुबके असतात फक्त, बाकी अंग टणक, मागं काटे. स्टार्चचे कण, जिवाणू, गवताचे बारीक तुकडे हे गिळतात. हंगेट ह्या शास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात दाखवलं की ह्यातले काही सेल्युलोज पचवू शकतात. आणि त्यासाठी लागणाऱ्या जीन्समधल्या कित्येक जिवाणूंकडून उचललेल्या आहेत, आईबापाकडून आलेल्या नाहीत, शेजाऱ्याकडून घेतल्या.

ऑक्सिजन ह्यांना चालत नाही. मायटोकाँड्रियाच्या जागी ह्यांच्याकडं हायड्रोजनोसोम असतात, त्यातनं हायड्रोजन निघतो, आणि तो खाणारे मिथेन बनवणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव ह्यांच्या अंगाला चिकटून किंवा आतच राहतात. म्हणजे गायीच्या ढेकरातनं जो मिथेन जातो, ज्याच्यावरून जगभर ओरड चाललीय, त्यात ह्या मंडळींचा हात आहे. मंग काढूनच टाका की ह्यांना, असं वाटेल. प्रयोग झालेत. सिलिएट नसलेली जनावरं जगतात, मरत नाहीत, मिथेन थोडा कमी होतो, उलट गायीला प्रथिन जास्त मिळतं, कारण हे बेटे जिवाणू खाऊन ते प्रथिन कोटीपोटातच फिरवत ठेवतात. पण तंतूचं पचन मंदावतं. आणि स्टार्च गिळून ठेवून आम्लता हळू चढू द्यायचं जे काम हे करतात ते पण जातं. माझं मत विचाराल तर पेंड-मका खाणाऱ्या परदेशी गायीचा हिशोब वेगळा असेल, पण आमच्याकडं कडब्यावर, उसाच्या वाढ्यावर जगणाऱ्या जनावराच्या पोटातून हे काढायला मी तरी जाणार नाही.

आणखी एक, ह्यांना सिस्ट बनवता येत नाही. म्हणजे वाईट दिवस आले की कवचात बसून राहायची सोय नाही, गायीच्या बाहेर थंड हवेत पडले की संपले. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात एकही नसतो. आई चाटते, एकाच गव्हाणीत तोंड घालतात, लाळेतनं जातात, काही आठवड्यांनी वासराच्या कोटीपोटात वस्ती होते. आईपासून आणि कळपापासून पूर्ण वेगळं वाढवलेल्या वासरात हे येतच नाहीत. पिढ्यान् पिढ्या तोंडातनं तोंडात.

आता ह्याच्या बरोब्बर उलटा गडी म्हणजे ढेकळातला कोल्पोडा. मूत्रपिंडाच्या आकाराचा, छोटा, दिसायला काही विशेष नाही, जिवाणू खातो. पण ओल गेली की गोल होतो, पाणी सोडतो, जाड कवच करतो आणि बसतो. कितीही वर्षं बसतो म्हणा ना, वाळलेल्या मातीत ह्यांची सिस्ट वर्षानुवर्षं जिवंत राहते. कडब्यावर, पालापाचोळ्यावर, धुळीबरोबर वाऱ्यावर, सगळीकडं ह्यांच्या सिस्ट असतात. पाऊस पडला, काही तासात कवच फोडून बाहेर, आणि लगेच खायला सुरू, कारण ओल किती टिकेल त्याचा भरवसा नाही. वाढायचं ते पण घाईत, विभागणी करताना परत एक पातळ कवच करतो आणि आत दोनाचे चार होऊन बाहेर पडतात. मृगाचा एक शिडकावा येतो, मंग पंधरा दिवस उघडीप, पेरणी केलेला माणूस आभाळाकडं बघत बसतो. कोल्पोडाला काही टेन्शन नाही, परत बसला.

मातीतल्या सिलिएटवर सगळ्यात जास्त काम केलं ते ऑस्ट्रियाच्या विल्हेल्म फॉइसनरनं. त्याची पद्धत एवढी सोपी आहे की आमच्या कॉलेजात सुद्धा जमते. पेट्री डिशमधे माती घ्यायची, वाळलेली, आणि पाणी घालायचं पण तळं करायचं नाही, माती पूर्ण भिजेल आणि डिश वाकडी केली की कडेला थोडं पाणी निथळेल एवढंच. ते निथळलेलं पाणी बघायचं. कोल्पोडा पहिले येतात, बाकीचे हळूहळू. माती आधी चांगली वाळवून घ्या असं फॉइसनर सांगायचा, वाळवून भिजवलेल्या मातीतनं जास्त जाती बाहेर येतात. आता मे महिन्यातली आमची माती अजून काय वाळवायची! त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मधे नामिबियातल्या मातीवर काम छापलं, नामिबचं वाळवंट आणि एटोशाचा भाग, त्यातनं शंभराच्या वर नवीन जाती निघाल्या. वाळवंटातनं. आणि आम्ही पोरांना सांगायलोय की बाळांनो तळं शोधा.

आता वर्गीकरण. आमच्या जुन्या अभ्यासक्रमात प्रोटोझोआ नावाचा एकपेशीय जिवांचा एक संघ आणि त्याचे चार वर्ग, हालचाल कशानं करतो त्यावरून. खोट्या पायानं तो अमीबावाला, चाबकानं तो युग्लिनावाला, केसानं तो सिलिएटा, आणि काहीच नाही तो मलेरियावाला. पाठ करायला एक नंबर. मोडीत निघून मोप वर्षं झाली.

केस हा निकष का फसतो त्याची दोन उदाहरणं देते. बेडकाच्या मोठ्या आतड्यात ओपॅलिना राहतो, अंगभर केसांच्या ओळी, पूर्वी बेडूक कापायचे तवा प्रॅक्टिकलला हमखास दाखवायचे, आणि त्याला आदिम सिलिएट म्हणायचे. पण त्याची सगळी केंद्रकं एकसारखी, मोठं-बारकं भानगडच नाही. आज तो सिलिएट नाही, त्याचे नातेवाईक तिकडं डायटम आणि तपकिरी शैवालाच्या बाजूला निघाले. दुसरीकडं सक्टोरिया, मोठेपणी अंगावर एक केस नाही, दांडीवर बसून राहतात, नळ्यांनी भक्ष्य शोषून घेतात. पण पिल्लू पोहत निघतं तेव्हा त्याला केस असतात, केंद्रकं दोन प्रकारची. हा पक्का सिलिएट.

मंग शास्त्रज्ञांनी केसांच्या खाली बघायला सुरुवात केली. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक कण असतो, त्यातनं धागे निघतात, आणि त्यांचं जाळं कातडीखाली पसरलेलं असतं, केस झडले तरी जाळं राहतं. शातों आणि ल्वॉफ ह्यांनी १९३० मधे चांदीच्या क्षारानं हे जाळं रंगवायची पद्धत दिली. त्याच काळात हॅम्बर्गच्या आल्फ्रेड काल नावाच्या शाळामास्तरनं, हो शाळामास्तरच, १९३० ते १९३५ मधे सिलिएटांवर एवढं मोठं काम छापलं की आजही लोक जाती ओळखायला ते उघडतात. तासिका तत्त्वावरच्या माणसानं हे वाचून थोडं उभारी धरावी आणि थोडं लाजावं. पुढं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, धाग्यांची मांडणी दिसली, १९८० च्या दशकात स्मॉल आणि लिन ह्यांनी त्यावर नवीन मांडणी केली, आणि नंतर आरएनएच्या जीन्स वाचल्यावर बरीचशी ती टिकली. लिनच्या २००८ च्या मांडणीत अकरा वर्ग आहेत, नंतर अजून वाढलेत. अकरा नावं इथं देत नाही, तुम्ही पण वाचणार नाही.

एवढं लक्षात ठेवा की आधी दोन मोठे गट पडतात, आणि ते पडतात मोठं केंद्रक दुभंगतं कसं त्यावरून. बहुतेकांमधे ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका केंद्रकाच्या आत असतात. स्टेंटरच्या गटात त्या बाहेर असतात. आणि स्टेंटरच्याच बाजूला एक वर्ग असा आहे की त्यांचं मोठं केंद्रक दुभंगतच नाही, दर वेळी बारक्यापासून नवीन बनवायचं. पॅरामेशियम, टेट्राहायमेना, व्हॉर्टिसेला एका वर्गात. कोल्पोडाचा वर्ग वेगळा, आणि त्यात बर्सेरिया नावाचा एक भलामोठा, खाबूस गडी येऊन पडलाय ज्याला आधी तोंडाकडं बघून स्टेंटरच्या बाजूला बसवलं होतं. आणि आपल्या कोटीपोटातले? ते डिडिनियमच्या वर्गात, डिडिनियम म्हणजे जो अख्खा पॅरामेशियम गिळतो तो. शिकाऱ्याच्या घराण्यातली एक शाखा गवत खाणाऱ्याच्या पोटात जाऊन बसली. माणसाच्या आतड्यात रोग करणारा एकमेव सिलिएट, बॅलँटिडियम, डुकराकडून येणारा, तोही ह्याच शाखेचा.

आणि ह्या सगळ्यांच्या वर बघितलं तर कातडीखाली चपट्या पिशव्यांचा थर असणारे तीन गट एकत्र येतात, सिलिएट, डायनोफ्लॅजेलेट आणि मलेरियाच्या परजीवीचा गट. ह्या तिसऱ्या गटातच थायलेरिया आणि बॅबेसिया आहेत, म्हणजे गोचीड ताप आणि लघवी लाल होणारा ताप. भाऊजींनी देवणीबरोबर एक संकरित गाय पण ठेवलीय, तिला गोचीड ताप येऊन गेला, संकरितला तो लई जोरात होतो. म्हणजे एकाच गायीच्या रक्तात एक चुलतभाऊ जीव घ्यायला बसलेला आणि कोटीपोटात दुसरा रवंथाला हातभार लावायला. हे मी भाऊजींना समजवून सांगितलं तर म्हणले, "घरोघरी असंच असतंय वहिनी."

पोरं विचारतात, मॅडम परीक्षेत काय लिहायचं? पेपर तपासणारे सर जुने असतील तर चार वर्ग लिहा, वर एक ओळ टाका की आधुनिक वर्गीकरणानुसार सिलिओफोरा हा स्वतंत्र संघ आहे. दोन्हीकडनं सेफ.

कुणाला बघायचं असेल तर कोटीपोटातला रस जनावराच्या डॉक्टरकडूनच घ्या, स्वतः नळी घालायला जाऊ नका. थर्मासमधे कोमट पाणी फिरवून घ्या, रस काठोकाठ भरा म्हणजे हवा राहणार नाही, तापमान ३९ अंशाच्या आसपास राहिलं पाहिजे, आणि घरी येऊन चहा पीत बसू नका, लगेच स्लाइड करा, थंड झाले की थांबतात. लई पळायला लागले तर कापसाचे दोन-चार धागे ठेवून वर काच ठेवा, अडकतात. जिवंत बघून झाले की एक थेंब आयोडीन सोडा, मरतील, पण आत कातडीखाली ज्या टणक पट्ट्या असतात त्या गडद होऊन उठून दिसतील आणि त्या मोजूनच नाव लावायचं असतं. पट्टी नाही आणि केसांचा झुबका एकच, तोंडापाशी, तर एंटोडिनियम. पट्टी नाही पण पुढच्या टोकालाच झुबके दोन, तर डिप्लोडिनियम. एक पट्टी आणि झुबके दोन असतील तर युडिप्लोडिनियम. तीन पट्ट्या असतील तर दुसरा झुबका कुठं आहे ते बघा, तोंडापासून थोडा मागं सरकलेला आणि अंग लांबट असेल तर एपिडिनियम, अंगाच्या मधोमध पट्ट्यासारखा वळसा घातलेला आणि मागं काट्यांची वलयं असतील तर ओफ्रायोस्कोलेक्स.